सागाचं पान कुठे किती दिवसांत कुजतं? बामणोली ते दहिवडी

रानजाई | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

वर्षभर एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती आज सविस्तर लिहिते. लांबण लागेल, सवडीने वाचा.

माझं माहेर पश्चिमेला बामणोलीच्या बाजूला, सासर पूर्वेला दहिवडीजवळ आणि राहायला आम्ही साताऱ्यात. त्यामुळे जिल्ह्याची दोन्ही टोकं मला घरची आहेत. माहेरच्या बाजूच्या महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास, तोही आला तर आला. दोन्हींमध्ये सरळ रेषेत अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर.

माहेरी गावाची छोटी देवराई आहे. तिथलं काही उचलायचं नाही, वाळकी काटकीही नाही, असा रिवाज. मे महिन्यात तिथे घोट्यापर्यंत पाला असतो, पाऊल टाकलं की करकर वाजतो. दसऱ्याला देवाला सोनं वाहायला गेलं की त्याच जागी आवाज न करता चालता येतं. सासरी बांधावर सागाची चार झाडं आहेत. त्यांची गेल्या साली गळलेली पानं, यंदाची गळायला लागली तरी तशीच पडून असतात. हा फरक मी लग्न झाल्यापासून बघतेय, पण "तिकडे पाऊस जास्त" एवढ्यावरच विषय संपायचा.

यंदा करून बघायचं ठरवलं. फेब्रुवारीत साताऱ्यातल्या एकाच सागाखालची गळलेली पानं गोळा केली. जुन्या मच्छरदाणीच्या बारा पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून सारखी पानं भरली. जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा पिशव्या माहेरी देवराईच्या कडेला ठेवल्या, सहा सासरी बांधावर, सुतळीने मुळांना बांधून. गणपतीत, दसऱ्याला आणि दिवाळीत दोन्हीकडच्या दोन-दोन उघडल्या.

गणपतीत बामणोलीच्या पिशवीतलं पान उजेडासमोर धरलं तर पलीकडचं आभाळ दिसलं. शिरांमधला गर निघून गेला होता, नुसती जाळी उरली होती. बोटाला पहिल्या पावसात येतो तसा मातीचा वास. दिवाळीत आत काळा चुरा आणि मधल्या जाड शिरेचे तुकडे, बाकी काही नाही. दहिवडीची पानं गणपतीत अख्खी होती, फक्त तांबूस रंग जाऊन वरची बाजू पांढुरकी झालेली. दिवाळीतही आकार शाबूत. एका पिशवीत मात्र शिवणीतून मातीचं लिंपण आत आलेलं आणि पान कडेकडेने कुरतडलेलं. वाळवी.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. मला समजलं ते असं.

झाड पान टाकतं ते निम्मं रिकामं करून. गळण्याआधी पानातलं निम्म्याच्या आसपास नत्र परत खोडाकडे ओढून घेतलं जातं, देठाशी पेशींचा पातळ थर तयार होतो आणि तिथून पान सुटतं. साग, पळस, सावर कोरड्या महिन्यांत पाणी वाचवायला सगळी पानं टाकतात. सदाहरित झाडंही टाकतात, फक्त एकदम उघडी पडत नाहीत. आमच्याकडे माघ-फाल्गुनात जुनी पानं खाली पडतात आणि वर लालसर पालवी फुटते. पाऊस लवकर सरला की गळही लवकर सुरू होते. वळवाचं वादळ झालं की हिरवी पानंही पडतात, आणि ती आधी कुजतात, कारण त्यांतलं नत्र काढून घ्यायला झाडाला वेळच मिळालेला नसतो.

म्हणजे आपल्याकडे पाला पडतो उन्हाळ्यात आणि कुजतो पावसाळ्यात. मधले तीन-चार महिने तो नुसता वाट बघत पडून राहतो. आणि नेमके तेच वणव्याचे महिने.

किती पाला पडतो याचा जगभराचा आढावा ब्रे आणि गोरहॅम या दोघांनी १९६४ मध्ये घेतला होता. विषुववृत्ताजवळच्या जंगलांत हेक्टरी वर्षाला साधारण ११ टन, थंड समशीतोष्ण पट्ट्यात साडेतीन टन, ध्रुवाजवळ आणि उंच पर्वतांवर जेमतेम १ टन. यात पानांचा वाटा दोन-तृतीयांशाहून जास्त; बाकी काटक्या, फुलं, फळं, साली. ऊब आणि पाणी जास्त तिथे पाला जास्त, आणि तिथेच तो लवकर कुजतोही. म्हणून एवढा पाला पडूनही उष्ण दमट जंगलात जमिनीवर थर पातळ असतो आणि थंड देशांतल्या सूचिपर्णी जंगलांत तो वर्षानुवर्षं साठत जातो.

माझं म्हणणं एवढंच की पावसाचे मिलिमीटर मोजून पाल्याचं काही कळत नाही, ओलाव्याचे दिवस मोजले पाहिजेत. दहिवडीत ऊब भरपूर आहे. ओल असेल तर दहा अंश तापमान वाढल्यावर कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, या हिशोबाने तिथलं पान आधी संपायला हवं होतं. पण बुरशीला आणि जिवाणूंना काम करायला पानावर पाण्याची पातळ फिल्म लागते, आणि तिथे एक सर आली की दुसऱ्या दिवशी दुपारी पान पुन्हा कडकडीत.

तुमच्याकडे काय दिसतं? सांगलीकरांनीही लिहा.

---

कृष्णाकाठ | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

ताई, फार छान लिहिलंत. आमच्याकडे वाळव्याला (जि. सांगली) जंगल नाही, ऊस आहे. पण प्रश्न हाच, फक्त पान उसाचं.

तोडणी झाली की हेक्टरी आठ ते दहा टन पाचट रानात पडतं. वडिलांच्या काळापासून आम्ही ते पेटवून द्यायचो. एका काडीत रान मोकळं. पाच-सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात) पाचट ठेवलं आणि फसलो. खोडवा पिवळा पडला. शेजारी म्हणाले, बघ, पाचटाने पीक खाल्लं. पुढच्या वर्षी कृषी सहायकांनी सांगितलं तसं केलं: बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबलं, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं, मग पाणी दिलं. पावसाळा सरेपर्यंत पाचट हाताने चुरगळण्याइतकं मऊ झालं. आता उचलून बघितलं की खाली गांडुळांची विष्ठा दिसते. पाण्याची पाळीही लांबते.

पण पहिल्या वर्षी पीक पिवळं का पडलं, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. पाचट कुजलं म्हणजे खत मिळायला हवं, नत्र कमी कसं पडलं?

---

रानजाई | १५ नोव्हेंबर, दुपारी २:१०

कृष्णाकाठ दादा, पाला कुजवणारे जीव कर्ब खातात, पण स्वतःचं शरीर बांधायला त्यांना नत्र लागतं. उसाच्या पाचटात एक भाग नत्रामागे शंभराहून जास्त भाग कर्ब असतो. एवढं खाणं समोर आणि नत्र नाही, म्हणून ते जमिनीतलं नत्र उचलतात. उसाच्या तोंडचा घास आधी बुरशी घेते. बुरशी-जिवाणू मेले की तेच नत्र परत जमिनीत मोकळं होतं, पण तोवर पीक उपाशी. तुम्ही युरिया टाकलात तो खरं तर उसासाठी नव्हताच, त्या बुरशीसाठी होता.

साधारण पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असेल तर ही ओढाताण होत नाही. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) पानात हे प्रमाण पंधराच्या आसपास आहे, म्हणून तो पाला पावसात काही आठवड्यांत दिसेनासा होतो.

---

माणदेशी | १५ नोव्हेंबर, रात्री ८:२५

सासर दहिवडी म्हणजे तुम्ही आमच्या वहिनीच. तुमच्या पिशवीत वाळवी निघाली म्हणून लिहितो.

आमच्याकडे पाला कुजत नाही म्हणतात, पण वाळवी त्याचं काय करते ते बघा. ती पान, काटकी, गवत तोडून वारुळात नेते आणि त्यावर बुरशीची बाग लावते. वारुळाच्या आत ओल टिकते, बाहेर कितीही ऊन असो. जे कुजणं तुमच्याकडे देवराईच्या पाल्यात उघड्यावर होतं, ते आमच्याकडे जमिनीखाली, वाळवीच्या घरात होतं. पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते ती त्याच बुरशीची. आम्ही पोरं असताना पाटीभर आणायचो आणि आई तिखटात परतायची.

आणि पान वरून पांढरं का पडलं, तर ऊन. बाभळीखालचा पाला सावलीत तपकिरी राहतो, उघड्यावरचा महिन्याभरात पांढुरका आणि ठिसूळ होतो. बोटात धरला की पीठ. मला हे महत्त्वाचं वाटतं.

---

हिरडा | १५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी कराडला वनस्पतिशास्त्र शिकवतो. रानजाईताई, तुम्ही केलंत ते या विषयातलं रीतसर तंत्र आहे. जाळीच्या पिशव्यांत पाला ठेवून तो किती उरला ते मोजायची पद्धत १९५० च्या दशकापासून वापरात आहे. काही गोष्टी सांगतो, पुढच्या खेपेला उपयोगी पडतील.

मच्छरदाणीची जाळी बारीक असते. तिच्यातून बुरशी, जिवाणू, बारीक कोळीकिडे जातात. गांडूळ आणि वाणी जात नाहीत. म्हणजे बामणोलीचा पाला पिशवीबाहेर याहून लवकर संपला असणार. शेजारी मोठ्या छिद्रांच्या जाळीची पिशवी ठेवा, दोन्हींतला फरक म्हणजे या मोठ्या किड्यांचं काम. दुसरं, वजन करण्याआधी पानं ६० ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची आणि चिकटलेली माती ब्रशने झाडायची. ओल्या पानाचं वजन फसवतं.

माणदेशींनी लिहिलेलं ऊन खरंच महत्त्वाचं आहे. पॅटागोनियाच्या कोरड्या माळावर ऑस्टिन आणि विवांको यांनी २००६ मध्ये दाखवलं की तिथे पाला नाहीसा होण्यात सूर्यप्रकाशाचा थेट वाटा मोठा आहे. किरणांनी पानातलं लिग्निन (पानाला, लाकडाला ताठपणा देणारा चिवट पदार्थ) तुटतं. एरवी लिग्निन तोडणं हे फार थोड्या जीवांना जमतं, त्यांत पांढरी कूज करणाऱ्या बुरशी मुख्य.

आता ताईंच्या मुद्द्याला थोडी पुस्ती. ओलाव्याचे दिवस मोजा, हे मान्य. पण मग महाबळेश्वरला अंजनीच्या रानात पाल्याचा थर जाड का? पाऊस तर सर्वांत जास्त. तीन कारणं आहेत. एक, तो सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने धुकं-दंव सोडलं तर कोरडे. दोन, तेराशे मीटरवर ऐन पावसाळ्यात हवा गार असते आणि पाला इतका भिजलेला की आत हवाच खेळत नाही. प्राणवायू नसला की कुजणं मंदावतं. तीन, पान. अंजनीचं, जांभळाचं पान चामड्यासारखं जाड, टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर. तुम्ही दोन्हीकडे एकच सागाचं पान ठेवलंत म्हणून हवामानाचा फरक स्वच्छ दिसला. जंगलात मात्र हवामान आणि पानाची जात दोन्ही एकत्र काम करतात. मीन्टेमायर यांनी १९७८ मध्ये हेच मांडलं होतं: प्रत्यक्ष बाष्पीभवन (जमीन आणि झाडांतून खरोखर हवेत जाणारं पाणी) आणि पानातलं लिग्निन, या दोन गोष्टी माहीत असतील तर कुजण्याच्या वेगाचा बराचसा अंदाज बांधता येतो.

ज्यांना पिशव्या शिवायला जमत नाही त्यांच्यासाठी: २०१३ पासून जगभर लोक चहाच्या पिशव्या पुरून हेच मोजतात. एक हिरव्या चहाची, एक रूइबॉसची (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचा तांबडा चहा), आठ सेंटिमीटर खोल, तीन महिने. हिरवा चहा पटकन कुजतो, रूइबॉस सावकाश.

---

बकुळफूल | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

वाचतेय. आमच्या सोसायटीत रोज सकाळी पाला झाडून कोपऱ्यात पेटवतात, डोळे चुरचुरतात. हा धागा छापून खाली सूचनाफलकावर लावणार आहे.

---

जावळीकर | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

मुली, तुझं लिखाण मनापासून वाचलं. माझं वय आता पंचाहत्तर. पण पाला जाळणं म्हणजे चूकच, असा सूर धरू नये.

आम्ही नाचणीच्या आणि भाताच्या तरव्यासाठी (लावणीच्या रोपांसाठी) राब भाजायचो. खाली शेण, वर तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पाला, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचा म्हणजे सावकाश धुमसतो. तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, राख मिळते. बिनराबाच्या जागेतला तरवा आणि राबाच्या जागेतला तरवा शेजारी शेजारी ठेव, आंधळ्यालाही कळेल. पिढ्यान् पिढ्या लोक खुळे नव्हते.

---

रानजाई | १६ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

काका, तुमचं बरोबर आहे. आमच्या घरीही आजी राब भाजायची. एका वाफ्यापुरता पाला आणून, राखण करून, पाऊस पडायच्या तोंडावर भाजणं हे शेतीचं काम आहे. राखेत पालाश आणि चुना राहतो, तणही मरतं, हे मी नाकारत नाही.

माझं दुखणं डोंगराचं आहे. गवत चांगलं येतं म्हणून कुणीतरी फेब्रुवारी-मार्चमध्ये उतार पेटवतं आणि आग तीन दिवस चालते. पाल्यातलं नत्र बहुतेक सगळं धुरात जातं. राख उरते, पण राब जसा सपाट वाफ्यात असतो तशी ती नसते, ती उतारावर असते. जूनची पहिली जोराची सर ती ओढ्यात नेते. वर पाला असता तर पावसाचा थेंब पाल्यावर पडला असता. आता तो उघड्या मातीवर आदळतो.

शिवाय पाला स्वतःची ओल स्वतः राखतो. देवराईत मी एप्रिलमध्ये हाताने थर उलगडून पाहिले. वरचा थर कुरकुरीत, पापडासारखा. त्याखाली पानं एकमेकांना चिकटलेली, मधून पांढरे धागे गेलेले, हाताला गार. त्याखाली काळा रवाळ भाग, त्यात पान ओळखता येत नाही. बाहेर रस्त्यावर पाय भाजत होते आणि त्या दुसऱ्या थरात एप्रिलमध्ये ओल होती! तिथे ओलाव्याचे दिवस पावसाच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त भरतात. एकदा आग गेली की हे थर जातात, सावली विरळ होते, आणि पुढच्या वर्षी पडलेला पाला दहिवडीच्या पाल्यासारखा वाळत पडतो. पाऊस तेवढाच असून.

---

जावळीकर | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२०

हे पटलं. डोंगर पेटवणाऱ्यांना आम्हीही शिव्याच घालायचो. राब आणि वणवा एका तराजूत घालू नका, एवढंच माझं म्हणणं.

---

देवराष्ट्रेकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

सांगली जिल्ह्यातला सागरेश्वरचा डोंगर आमच्या दारात आहे म्हणून लिहितो. आज हरणांसाठी लोक येतात, पण हा डोंगर एकेकाळी बोडका होता. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडं लागली, राखली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. माझे वडील सांगतात, सुरुवातीला झाडं जगली तरी खाली नुसती मुरमाड जमीन होती; पडलेलं पान वाऱ्याने उडून घळीत जायचं. आधी घळींमध्ये आणि दगडांच्या आडोशाला पाला साठला, तिथे माती धरली, तिथे आपोआप रोपं उगवली. आजही कड्यावर थर नाही आणि घळीत आहे. वारा आणि उतार हेसुद्धा तुमच्या यादीत घ्या.

एक विचारायचं होतं. आमच्या रस्त्याकडेला ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग आहे. तिचा पाला वर्षानुवर्षं तसाच साठतो आणि खाली गवताचं पातंही उगवत नाही. ही तर द्विदल, नत्र धरणारी. मग कुजत का नाही?

---

हिरडा | १७ नोव्हेंबर, दुपारी १:४०

उत्तम प्रश्न. तिचं जे पान आपल्याला दिसतं ते खरं पान नाही, चपटा झालेला देठ आहे. कोरडेपणा सोसायला बनलेला, जाड, लिग्निन भरपूर. नत्र असूनही ते या कवचात अडकलेलं. त्यामुळे नुसतं कर्ब-नत्र गुणोत्तर बघून चालत नाही. निलगिरीतही असंच, तिथे तेल आणि फिनॉलं आडवी येतात. अशा ठिकाणी मध्ये करंज, गिरिपुष्प लावलं तर मिश्र पाला बरेचदा एकट्या पाल्यापेक्षा बरा कुजतो.

---

कृष्णाकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

ताई, पुढच्या जूनमध्ये माझ्या शेतातही ठेवू पिशव्या. एक पाचटाखाली, एक उघड्या सरीत. माणदेशी आणि देवराष्ट्रेकर असतील तर चार ठिकाणं होतात. एकाच झाडाची सागाची पानं ताईंनी गोळा करावीत, एसटीने पाठवावीत.

---

माणदेशी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी तयार. एक सावलीत, एक उन्हात ठेवतो.

---

देवराष्ट्रेकर | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मीही. अभयारण्यात परवानगीशिवाय काही ठेवता येत नाही, पण आमचं रान कुंपणाला लागून आहे, तिथे घळीत ठेवेन.

---

रानजाई | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

धागा वर आणतेय. हिरडा सरांनी फोनवर सांगितलं की किती कुजतं ते मोजायचं तर किती पडतं तेही मोजायला हवं. त्यासाठी एक मीटर लांब-रुंद चौकट गुडघाभर उंचीवर बांधायची आणि दर पंधरा दिवसांनी रिकामी करायची. माझ्याकडे चौकटी नव्हत्या, म्हणून आईच्या जुन्या व्हॉइलच्या साड्या मोजून फाडल्या आणि मधोमध एकेक गोटा ठेवून देवराईत पाच ठिकाणी झाडांना बांधल्या.

देवराईतलं काही बाहेर न्यायचं नाही, त्यामुळे आधी गुरवांना विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, मोजायला ने, पण मोजून झालं की ज्या झाडाखालचं त्याच झाडाखाली परत टाक, चिमूटभरही घरी ठेवू नकोस. म्हणून पाच वेगळ्या पिशव्या, पाच चिठ्ठ्या.

आज पहिल्या पंधरवड्याचा पाला काढला. जांभळाची पिवळी पडलेली पानं, आंब्याचा मोहोर बराच, कुंभ्याची लाल झालेली पानं, एका साडीत हिरड्याची दोन फळं आणि कुणा पाखराचं पीस. आता ओव्हनमध्ये वाळतंय, घरभर वास सुटलाय. रविवारी परत नेऊन टाकायचंय.

सागाची पानंही गोळा झाली आहेत. पत्ते व्यक्तिगत निरोपातून कळवा, मेच्या शेवटच्या आठवड्यात पाठवते.